अग्निवस्त्र

तिथीच्या दिवशी गॅसला सुट्टी. घर नवं झालं, ओट्याला काळा ग्रॅनाइट आला, मिक्सरला वेगळा प्लग आला, तरी वेंकूबाईंचा हा नियम बदलला नाही. म्हणूनच तंजावरच्या मेडिकल कॉलेज रोडच्या पुढल्या वसाहतीत घर बांधताना शिवकुमारनं मागच्या अंगणात, नारळाच्या झापांखाली, अत्तेसाठी, म्हणजे आत्या वेंकूबाईंसाठी, एक चुलीची खोली काढून दिली होती. एरवी तिथं मांजर निजायचं. आजोबांच्या आणि आजीच्या तिथीला मात्र मांजर बाहेर आणि अत्ते आत.

आज शिवकुमारच्या आजोबांची, कृष्णमूर्तींची श्राद्धतिथी होती. हरिता पहाटेच न्हाऊन, उंच वलणीवर वाळलेलं नऊवारी काठीनं ओढून, कुणाला न शिवता नेसली होती. शिवकुमारशी लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला नऊवारी नेसता येत नव्हतं आणि मराठी कळायचं त्याच्या निम्मंही बोलता येत नव्हतं. दोन्ही तिला वेंकूबाईंनी शिकवलं. सासू नव्हतीच. सासऱ्यांची ही थोरली बहीण, लहानपणीच कपाळ पुसलेली, तीच या घराची चूल होती.

"सर गो मागं. उरळी उतू जाईल."

वेंकूबाईंनी खुंटीवरचं वस्त्र काढलं. जाड, राखट पांढरं, दोन्ही टोकांना सावरीच्या बोंडासारखं पिंजारलेलं. त्याच्यात धरून त्यांनी पायसाची पितळी उरळी उचलली, खाली ठेवली, आणि मग नेहमीसारखं ते वस्त्र उंबऱ्यावर आपटलं. एकदा, दोनदा. छपराच्या फटीतून आलेल्या उन्हात बारीक धूळ उठली आणि तिथंच तरंगत राहिली. इतकी सुंदर दिसे ती, की हरिता दर वर्षी क्षणभर काम सोडून तिच्याकडे बघायची. मग चिमट्यानं धरून वस्त्र निखाऱ्यांवर. डाग जळाले, वस्त्र नाही. लाल झालं, काढलं, पुन्हा पांढरं.

"झालं शुद्ध," वेंकूबाई म्हणाल्या. "पाणी नको, साबू नको. अग्नीचं वस्त्र."

आणि मग, "हात धुऊन येतें," म्हणून त्या मागच्या धुण्याच्या दगडाकडे गेल्या. 

हरिताला ठाऊक होतं त्या कशाला जातात. पदर तोंडात कोंबून, दगडाला धरून, त्या खोकायच्या. गेल्या पोंगलला हरितानं त्यांना तसं बघितलं तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. "कोणाला सांगूं नको. सांगितलंस तर मजला त्या टीव्हीपुढं खुर्चीत बसवतील. मेथीच्या लाडवासारखी बसून राहीन मी. चूल गेली तर माझं काय उरलं गो?" हरितानं सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

वेंकूबाई परत आल्या त्या गुणगुणतच. खोकल्यानंतर श्वास लागायचा, तो लपवायला त्या ओवी धरायच्या. दोन चरणांच्या मधे दम घेतला तर कोण विचारणार?

समुद्रा रे समुद्रा, तुझं किती खारं पाणी
माझ्या बंधूची तहान तिथं भागविली कोणी

"ही कुठली ओवी, अत्ते?"

"माझी. रामू लढाईत होता तेव्हांची," त्या म्हणाल्या आणि वड्यांचं पीठ फेसायला बसल्या.

&nbsp;

फाटकापाशी ऑटो थांबला आणि सुंदरी उतरली. रात्रभर मद्रासच्या बसमध्ये बसून तिचे केस विस्कटले होते. खांद्याला पिशवी, हातात एक्सरेचं भलंमोठं पाकीट. शिवकुमार पुढं झाला, पण त्यानं धाकट्या बहिणीच्या हातातली पिशवी घेतली नाही. तो न्हालेला होता, ती प्रवासातून आलेली.

"सरी, ठीक आहे, शिवू नकोस," ती हसून म्हणाली. मग तिचं हसू गेलं. "अण्णा, अप्पा कुठं आहेत?"

"हॉलमध्ये. ओल्या धोतरात बसलेत, वाध्यार भटजींची वाट बघत. काय म्हणाले डॉक्टर?"

दोघं फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली उभे राहिले. गेल्या आठवड्यात अप्पांच्या, रामस्वामींच्या, छातीतलं पाणी मद्रासला काढलं होतं. शिवकुमार त्यांना घेऊन परतला आणि तपासणीचा निकाल घ्यायला सुंदरी मागं राहिली होती.

"फुप्फुसाच्या वरचं आवरण असतं ना, तिथं आहे. कॅन्सर." ती एकदम सांगून मोकळी झाली. "पुढली तिथी अप्पांच्या हातून होईल असं धरून चालू नका, म्हणाले."

शिवकुमारनं कडुनिंबाच्या खोडावर हात टेकला. "बिडी," तो म्हणाला. "मजला वाटतच होतं. नेव्हीत सगळे ओढायचे."

"बिडी नाही! तेच तर. डॉक्टरनं विचारलं, हे कुठं काम करत होते. मी म्हटलं, जिल्हा बोर्डाच्या ऑफिसात कारकून. म्हणाले, त्याच्या आधी? मी म्हटलं, लढाईच्या वेळी नेव्हीत, जहाजाच्या बॉयलरखान्यात. तेव्हा ते पेन खाली ठेवून म्हणाले, मग तिथंच. जहाजांत वाफेच्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉस गुंडाळायचे. त्याचे तंतू श्वासातून आत जातात, आणि तीस-चाळीस-पन्नास वर्षं गप्प बसतात. विलायतेतले किती खलाशी आता म्हातारपणी असेच जातायत, म्हणाले. आपण सगळ्यांनी इतकी वर्षं अप्पांवर उगीच संशय घेतला, अण्णा. आई त्यांचे खिसे हुंगायची."

 रस्त्यावरून एक मोपेड गेली, मागं गवताचा भारा.

"अजून आहे," सुंदरी म्हणाली. "त्यांनी विचारलं, घरी काही आणलं होतं का जहाजावरचं? कपडे, कापड? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मजला अत्तेचं वस्त्र आठवलं."

शिवकुमारला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं मागच्या अंगणाकडे बघितलं. झापांतून धूर वर येत होता.

"आत्ता वापरतेय ती?" सुंदरीनं विचारलं.

"आज तिथी आहे," तो म्हणाला. "आजच तर वापरणार."

"मग काढून घ्यायला हवं. आत्ता. आणि तिच्या छातीचा फोटो काढायला हवा."

"सुंदरी, पोदुम, पुरे. दुपारपर्यंत थांब. पन्नास वर्षं गेली, चार तासांनी काय होतंय? तुजला माहीत आहे ते वस्त्र तिला काय आहे ते."

सुंदरीला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना होतं. रामस्वामी लढाईहून परतले तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून कृष्णमूर्तींनी मुलाला प्रायश्चित्त घ्यायला लावलं, आणि ते झाल्यावरही पंक्तीला घेतलं नाही. मुलगा ओसरीवर जेवायचा. मग एक दिवस वेंकूबाईंनी त्यानं आणलेलं ते पांढरं कापड वडिलांच्या डोळ्यांदेखत चुलीत टाकलं, आणि जसंच्या तसं बाहेर काढून दाखवलं. त्यानं समुद्रावरून आणलेलं अग्नीला चालतं अप्पा, तुम्हांला कां चालत नाही? कृष्णमूर्ती बराच वेळ त्या कापडाकडे बघत बसले. संध्याकाळी त्यांनी मुलाला आत हाक मारली. तेव्हापासून ते वस्त्र घरातलं सर्वांत सोवळं. आजूबाजूची घरं लग्नाकार्याला मागून न्यायची.

"ठाऊक आहे म्हणूनच," सुंदरी म्हणाली. "चार तास, चार तास करत आपण ते सांगणारच नाही."

&nbsp;

ती घराला वळसा घालून मागं गेली, आणि चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी तिचे पाय थांबले. 

आत जाता येत नव्हतं. न न्हालेली, बसमध्ये कोणाकोणाच्या खांद्याला खांदा लावून आलेली ती आत गेली असती, तर आजोबांसाठी रांधलेलं सगळं अन्न टाकावं लागलं असतं. मद्रासला ती असलं काही मानत नव्हती. पण इथं तिचा पाय उचलेना.

"आलीस?" वेंकूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "बसची धूळ घेऊन दारात उभी राहूं नको. न्हाऊन ये, वडे खा. म्हणजे नंतर खा."

"अत्ते, ते हातातलं वस्त्र खाली ठेव."

"कां? तुजला हवं आहे?"

"त्यात विष आहे, अत्ते."

वेंकूबाई वळल्या. त्यांचा चेहरा चुलीच्या आचेनं तांबूस झाला होता. "मद्रासहून दर वेळी एक नवीन विष आणतेस. गेल्या वेळी खोबरेल तेल होतं. त्याच्या आधी लोणचं."

मागून आलेला शिवकुमार नकळत हसला. सुंदरीनं त्याच्याकडे बघितलं. तो काही बोलणार नव्हता. तिनं हरिताकडे बघितलं, आणि तिथूनही तिला फारशी आशा नव्हती. हरिता नेहमी अत्तेच्या बाजूची. मद्रासची नणंद सल्ले देऊन जाते आणि राबते मी, असं ती एकदा बोलूनही गेली होती.

"वैनी, एकच सांग," सुंदरी म्हणाली. "अत्ते खोकते का?"

पिठात बुडालेला हरिताचा हात तसाच राहिला. वेंकूबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. त्या नजरेत रागापेक्षा कठीण असं काही होतं, लहान मुलानं आपलं गुपित सांभाळायला दिलेल्या मोठ्या माणसाकडे बघावं तसं.

"हरिते," त्या म्हणाल्या.

"खोकते," हरिता म्हणाली. "पोंगलच्या आधीपासून. दगडापाशी जाऊन. जिना चढताना मधे बसते. मजला सांगूं नको म्हणाली होती." आणि अंगठ्याच्या मागच्या बाजूनं डोळे पुसत, तमिळमध्ये, "क्षमा करा अत्ते, क्षमा करा."

बाहेर फाटकाशी मोपेडचा फटफट आवाज थांबला. गुरुराज वाध्यार आले होते. "काय शिवकुमार, कोणी दिसत नाही! स्वयंपाक झाला काय?" त्यांचा आवाज घरातून फिरत मागपर्यंत आला. 

वेंकूबाईंनी वस्त्र छातीशी धरलं होतं. "झालं?" त्या सुंदरीला म्हणाल्या. "हो, खोकतें. म्हातारी आहें. आता मी चूल सोडायची, असंच ना? सरळ सांग, विष कशाला म्हणतेस? ते रामूनं आणलेलं आहे. त्यात भांडं धरून मी वडिलांना किती वर्षं वाढलं. अग्नीनं पन्नास वर्षं पारखलेली वस्तू आहे ती, तुझ्या डॉक्टरनं पारखायला नको."

"अक्का."

सगळ्यांनी वळून बघितलं. रामस्वामी ओल्या धोतरात, भिंतीला एक हात लावून उभे होते. छातीवर, पाणी काढलं तिथं, चिकटपट्टी होती. हॉलची खिडकी कडुनिंबाकडे उघडते, हे बोलताना शिवकुमारच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अप्पा, तुम्ही..."

"ऐकलं रे. सगळं ऐकलं," ते शिवकुमारला म्हणाले, आणि दम घेऊन, "बिडीचं ऐकून बरं वाटलं. तुझी आई असायला हवी होती आज."

सुंदरी आणि शिवकुमार बाजूला झाले. रामस्वामी न्हालेले होते, तिथीचे कर्ते होते. शिवकुमार न्हालेला असला तरी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन आला होता; दारातल्या तिघांत एकटे तेच तो उंबरा ओलांडू शकत होते. त्यांनी तो ओलांडला.

&nbsp;

रामू आत आला तेव्हा वेंकूबाईंना आधी त्याच्या बरगड्या दिसल्या. किती रोड झाला होता तो. लहानपणी वडवारू नदीत पोहून आला की असाच दिसायचा, ओला, सगळी हाडं मोजून घ्यावीत असा.

"बस," त्या म्हणाल्या. "उभा कां आहेस?"

तो पाटावर बसला. त्यांनीही बसून घेतलं. मधे चूल.

"माझ्या छातीत काय आहे ते मला पोरं सांगणार होती, जेवणं झाल्यावर," तो म्हणाला. "आता तूच ऐक. हे आहे, अक्का. हे वस्त्र आहे. याचेच तंतू. जहाजावर माझ्या आत गेले. तू उंबऱ्यावर आपटतेस ना, ते तुझ्या आत गेले असतील."

"अग्नीला चाललं ते, रामू."

"चाललं कुठं?" तो हळू बोलत होता, पावलं टाकावी तसे शब्द टाकत. "अग्नीनं ते कधी घेतलंच नाही. तू द्यायचीस, तो परत द्यायचा. अग्नी घेत नाही, पाणी कुजवत नाही, शरीरही घेत नाही त्याला. म्हणून राहतं. माझ्यात राहिलं, तसं."

वेंकूबाई त्या राखट कापडाकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं होतं आपल्याला राग येईल. आला नाही. आली ती एक विचित्र लाज, परक्या माणसाला इतकी वर्षं देवघरात बसवल्यासारखी. आणि तिच्या खाली भीती. विषाची नव्हे. त्या दिवशी वडिलांपुढं आपण जे जिंकलं, ते आता हरलं का, याची.

रामस्वामींना ते कळलं असावं. "अप्पांनी मला आत बोलावलं ते कापडासाठी नाही," ते म्हणाले. "कापडाची जादू तर बाजारात गारुडीही दाखवतो. पोरगी आपल्यापुढं उभी राहून प्रश्न विचारते, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मला स्वतः म्हणाले होते. वेंकूला उत्तर नव्हतं माझ्याकडे, म्हणाले."

"असं म्हणाले?"

"असंच."

"मजला कधी नाही सांगितलं त्यांनी."

"तुला सांगितलं असतं तर तू आणखी प्रश्न विचारले असतेस."

वेंकूबाई हसल्या. हसताना खोकला आला, आणि दगड फार लांब होता. त्या तिथंच खोकल्या, भावासमोर, सुनेसमोर, दारातल्या दोघांसमोर, दोन्ही हात जमिनीला टेकून, बराच वेळ. हरितानं पाठीवर हात ठेवला. 

"उद्या फोटो काढायचा," रामस्वामी म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर."

"सोवळं सोडावं लागेल?"

"लागेल," दारातून सुंदरी म्हणाली. "तिथलाच झगा घालतात."

"मग आल्यावर न्हाईन." त्यांनी वस्त्र भावाकडे दिलं. "आणि चूल?"

 हा प्रश्न हरिताचा होता. ती उठली, केळीच्या खोडाचं ओलं सोपट दुमडून दोन्ही हातांत धरलं आणि उरळीच्या एका कानाशी वाकली. "दुसरा कान तुम्ही धरता का, अत्ते? मजला एकटीला नाही जमत."

वेंकूबाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. गुपित फोडणारी ही, आणि चूल हातात ठेवणारीही हीच. "पदर खोच आधी. चुलीत जाईल," त्या म्हणाल्या. "आणि मिठाचा अंदाज चुकलाय तुझा वड्यांत, मजला वासावरूनच कळतंय. मी बसून सांगतें. तू कर."

रामस्वामींनी वस्त्र पाण्याच्या बादलीत बुडवलं. धूळ उडू नये म्हणून भिजवायचं, असं डॉक्टरनं बजावल्याचं सुंदरीनं दारातून सांगितलं होतं. पन्नास वर्षांत त्याला पहिल्यांदा पाणी लागलं. ते जड झालं आणि बुडाशी जाऊन बसलं. मग ते शिवकुमारनं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं.

"अहो, मुहूर्त!" पुढून गुरुराज वाध्यार ओरडले.

&nbsp;

दुपारी घर निजलं. वाध्यार दक्षिणा घेऊन मोपेडवरून गेले, कावळा मेहेरबानी केल्यासारखा पिंडाला शिवून गेला, सुंदरी हॉलमध्ये पंख्याखाली आडवी झाली आणि तिच्या उशाशी हरिता. दोघी काहीतरी कुजबुजत होत्या, आणि मधेच दोघींचं दबकं हसू येत होतं, जे या घरात नवीन होतं.

मागच्या ओसरीवर रामस्वामी भिंतीला टेकून बसले होते. उताणं निजलं की त्यांना दम लागे. वेंकूबाई आल्या, पलीकडच्या खांबाला टेकल्या. बराच वेळ दोघं नारळाच्या सावल्या बघत राहिले.

"रामू."

"हं."

"जहाजात खाली काय होतं रे?"

त्यांनी मान वळवली. या घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. समुद्र म्हणजे पाप, आणि पापाची चौकशी करत नाहीत. वडिलांनी नाही, बायकोनं नाही, मुलांनी शाळेचा निबंध लिहिण्यापुरतं तेवढं. ते सांगायचे, जहाज होतं, मोठं होतं. झालं.

"कशाला आता?"

"माझ्याही छातीत आहे म्हणतां. कुठून आलं ते मजला ठाऊक नको?"

 रामस्वामी सांगू लागले, थांबत थांबत. लोखंडी शिडीनं खाली उतरायचं. खाली ऊन नाही, वारा नाही, दिवस नाही. नळ्याच नळ्या, माणसाच्या मांडीएवढ्या जाड, आणि सगळ्यांवर पांढरं गुंडाळलेलं, जखमेला पट्टी बांधावी तसं. वर तोफ उडाली की सगळं जहाज हादरायचं आणि नळ्यांवरून ते पांढरं भुरभुर खाली पडायचं. डोक्यावर, खांद्यांवर, चहाच्या मगात. पोरं एकमेकांना म्हातारं म्हणून चिडवायची, पांढऱ्या मिशा आल्या म्हणून. वीस-वीस वर्षांची पोरं.

"आणि नळी फुटली, पट्टी निघाली, की ती पुन्हा लावायची. गोण्यांत पीठ असायचं त्याचं. ते पाणी घालून मळायचं आणि हातानं नळीवर थापायचं. कोणाला जमायचं नाही. पातळ व्हायचं, गळून पडायचं. मग मलाच हाक मारायचे. तंजावरकर, ये, तुझा हात चांगला. मी म्हणायचो, माझ्या अक्कानं शिकवलंय."

"मी? मी कधी शिकवलं तुजला?"

"तू पुरणपोळीची कणीक मळायचीस. मी बाजूला बसून बघायचो. तसंच मळायचो मी."

वेंकूबाईंनी आपले दोन्ही तळवे उलटे करून मांडीवर ठेवले. पलीकडच्या घरात कोणीतरी टीव्ही लावला आणि लगेच आवाज बारीक केला.

"तिथं तहान लागली की पाणी कसं घ्यायचास?" त्यांनी विचारलं. "गार की कोमट?"

"कोमट," रामस्वामी म्हणाले. "खाली गार असं काहीच नव्हतं, अक्का."